जावईबापूंना प्रवेश नाही

"आता या घरात माशीसुद्धा सर्व्हरला विचारून शिरेल!" जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं.

नेटवर्क इंजिनियर माणूस! वायफाय, टीव्ही, दाराचं कुलूप, सगळं त्यांनी एका सर्व्हरच्या हवाली केलं होतं. तुम्ही कोण, पासवर्ड काय, तुम्हाला कुठवर परवानगी, हे तो तपासणार, मगच प्रवेश. अकरा वाजता हाच थाट साहेबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा होता. पसंत पडला तर बढती!

सासूबाईंना त्यांनी पढवून ठेवलं. "आई, बाहेरून कोणी कितीही गयावया करो, सर्व्हर नाही म्हणाला की नाही! आवाजावर तर मुळीच जायचं नाही."

पावणेअकराला जावईबापू हाफ पँटवरच कचरा टाकायला बाहेर गेले. मागे दार लागलं. त्यांनी ऐटीत पासवर्ड दाबला. चूक! पासवर्ड त्यांनी सकाळीच बदलला होता, पण बोटांना कोणी कळवलंच नव्हतं. बोटांनी जुनाच तीनदा दाबला. कुलूप थंडपणे म्हणालं, "तासभर प्रवेश बंद."

त्यांनी दार बडवलं. "आई, उघडा! मी आहे!"

"इथे पडद्यावर तर लाल अक्षरांत 'संशयित' आलंय," आतून सासूबाई म्हणाल्या.

"अहो, तो संशयित मीच!"

"कबूलच करताय की!"

"आई, माझा आवाज ओळखा ना!"

"आवाजावर जायचं नाही, असं आमच्या जावईबापूंनी बजावलंय. बरं, एक संधी देते. माझ्या लेकीचा वाढदिवस कधी?"

जावईबापू बोटांवर महिने मोजू लागले. "मार्च... म्हणजे मार्चच्या आसपास..."

"खऱ्या जावयाला तारीख माहीत असती!"

तेवढ्यात आत लॅपटॉप वाजला. अकरा! साहेब! सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं आणि जे घडत होतं ते साग्रसंगीत सांगितलं. जावईबापू दाराला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. गेली बढती!

आत सासूबाईंचं सांगून झालं. मग साहेबांचा गडगडाट. "ज्याने बनवली त्यालाच आत घेत नाही? अशी कडक व्यवस्था आपल्याला हवीच! बढती पक्की. आणि बाई, तुमच्यासारखा पहारा मी जन्मात पाहिला नाही!"

जावईबापूंनी बाहेर हाफ पँटवरच एक गिरकी घेतली. "ऐकलंत ना, आई? साहेबांनीही ओळखलं! आता तरी उघडा!"

"अहो, कशी उघडू?" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "साहेब अजून बघतायत!"