ऑर्गनची घरघर

"यंत्र म्हणजे काय? आत काहीतरी वाहतं आणि कुठेतरी तुंबतं. बस्स! जगातलं कुठलंही यंत्र मी दुरुस्त करीन!"

पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांनी चहा पिता पिता हे जाहीर केलं, तेव्हा त्यांनीच दुरुस्त केलेला नळ मागे टपटपत होता.

विषय होता बायकोच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा. कपाटाएवढं ते धूड सुरू केलं की सुरांआधी घरघर निघे, पोटभर जेवलेली म्हैस घोरावी तशी! आणि आज संध्याकाळी बायकोची ताई वादन ऐकायला येणार होती. "हिला मेलीला कान नाही," असं ही ताई लहानपणापासून साऱ्या नात्यात सांगत आली होती. आज तिचं तोंड कायमचं बंद व्हायचं होतं.

"अहो, मेकॅनिकला बोलवा ना."

"मेकॅनिक? मी जिवंत असताना?"

दुकानात साहेबांनी ती घरघर तोंडाने काढून दाखवली. एक गिऱ्हाईक घाबरून बाहेर पडलं. दुकानदार मात्र शांत होता.

"वीजपुरवठ्यातला, वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर गेलाय," म्हणत त्याने दोन कपॅसिटर पुढे ठेवले.

"दोन कशाला?"

"स्वतः बसवणार ना, साहेब? मग दोन न्या."

हा अपमान गिळून साहेब घरी आले. ऑर्गनचा प्लग काढला, पाठ उघडली, आत हात घातला आणि दुसऱ्या क्षणी ते सोफ्यावर होते!

"प्लग काढला होता मी!" ते किंचाळले.

"तो वीज साठवून ठेवतो, असं दुकानदार म्हणाला, हे तुम्हीच सांगितलंत ना?" बायको म्हणाली. "अगदी आमच्या ताईसारखा. बंद केला तरी आत धरून ठेवतो."

शेवटी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने ताईचा, म्हणजे कपॅसिटरचा, राग उतरवून साहेबांनी तो काढला. नव्याच्या अंगावर एका बाजूला पट्टा होता. पाणीखात्यात पट्टा असलेल्या पाइपातून पाणी आत येई. म्हणजे पट्टा अधिक खुणेच्या बाजूला! उगाच कुणाला काय विचारायचं? साहेबांनी ऐटीत सोल्डरचा डाग दिला, ऑर्गन सुरू केला.

फडाड्!

धुराचा लोट छताला गेला. कपॅसिटरच्या आतल्या कागदाच्या चिंध्या पडद्यावर, चष्म्यावर, चहात! शेजारी गच्चीवरून ओरडले, "कोण गेलं?"

"कपॅसिटर!" बायकोने खिडकीतून सांगितलं.

पट्टा उणे बाजूचा असतो, हे ज्ञान साहेबांना असं मिळालं. दुसरा कपॅसिटर त्यांनी एखाद्या तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तितक्या हळुवारपणे बसवला. बटण दाबलं.

शांतता! घरघरीचा मागमूस नाही! साहेबांची छाती शर्टाच्या गुंड्यांना परवडेना. "वाजव! येऊ दे तुझ्या ताईला!"

बायको बसली. वाजवू लागली. पहिला सूर स्वच्छ आला. दुसरा चुकला. तिसरा चुकला. चौथा तर चुकून दाराबाहेर गेला आणि परतलाच नाही. इतकी वर्षं त्या घरघरीखाली सुखाने झाकून राहिलेली एकेक चूक आता काच फुटावी तशी खणखणीत ऐकू येत होती.

बायकोने हात उचलले. नळ तेवढा टपटपला, तोही तिच्यापेक्षा तालात.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो जुना कचऱ्यात टाकला नाहीत ना?"

"नाही. का?"

"ताई यायच्या आत तेवढा परत बसवून द्या."