ब्रोमेलियाडास फूल आणविल्याची हकीकत

श्रीबीरप्पा समर्थ. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरी, बेदर शहरी मैलूर मोहल्ल्यात एका कुंडीनिमित्त जे रण माजले, त्याची हकीकत जाणत्यांनी ध्यानी घ्यावी.

राजश्री शिवाप्पा यांचे कुटुंब वज्रचुडेमंडित सुगंधाबाईसाहेब. त्यांची कन्या अंबिका बंगळूर मुलुखी संगणकाच्या चाकरीस. ती उगादीस, म्हणजे पाडव्यास, आली आणि ब्रोमेलियाड नामे झाड नजर केले आणि फर्माविले की, पाणी पानांमधल्या पेल्यात द्यावे, उन्हात न ठेवावे, आणि पेल्यात खत बिलकूल न घालावे.

मग शेजारच्या गौरम्मा, जबानीच्या समशेरबहाद्दर, पाहणीस आल्या आणि भर सभेत वदल्या, "अक्का, ह्यो तर अननसाचा शेंडा हाय की! बंगळूरवाल्यानं पोरीला फशिवलं!"

बाईसाहेबांची तळपायाची आग मस्तकी गेली. नागपंचमीस निंबाच्या झोक्यावर पहिले बसण्याचा मान त्यांजकडे सून होऊन आल्यापासून चालत होता. तोच पणास लाविला. "पंचमीच्या आत फूल दावते. न्हाई दावलं तर पयला झोका तुजा, आन् म्या ढकलते!" उलट जाहल्यास गौरम्मांनी ढकलावे, ऐसा तह ठरला.

मोहीम सुरू जाहली. पेला भरला, तो डासांनी छावणी दिली, पाणी बदलिले. मग शिवाप्पाराव सरसावले. घराणे मूळ मेंढरांमागचे, सबब लेंडीखतावर त्यांचे अढळ इमान. बाईसाहेब बाजारी गेल्याचे साधून त्यांनी ओंजळभर लेंड्या थेट पेल्यात रिचविल्या. दुसरे रोजी ऐसी दुर्गंधी उठली की पाहुणे उंबऱ्यातून माघारी फिरले.

"कामून टाकलाव ओ?"

"भुकेलं दिसायलं की गं."

बाईसाहेबांनी झाड उपडे करून धुतले आणि रावांस त्या कोपऱ्याची मनाई केली.

परंतु वैशाखी बाईसाहेब आळंदेस लग्नास गेल्या आणि इकडे मेहकराहून पाडाचे आंबे आले. आढीस दुसरी जागा न दिसे. मग रावांनी हुकूम मोडून त्याच कोपऱ्यात गवत अंथरिले, आंबे मांडिले आणि घरची नातवंडे आंबे लांबवितील या धास्तीने झाडासुद्धा घोंगडे पांघरिले. बाईसाहेब परतल्या, घोंगडे उचलिले, तो आंबे पिवळेधमक आणि झाड घामेजलेले.

"ह्येची बी आढी घातलाव व्हय? पिकवून खायलाव का काय?"

रावांनी आंबा पुढे केला.

आषाढ सरता सरता पेल्यातून तांबडा भाला वर निघाला! अंबिकेने फोनावर खुलासा केला की, पिकत्या फळांचा वायू कोंडला म्हणजे हे झाड फुलावर येते. बाईसाहेबांनी रावांवरील मनाई उठविली. शाबासकी मात्र दिली नाही.

गौरम्मा आल्या, नाक लाविले. "वासच न्हाई की."

"वासाचं बोलणं झालंच नव्हतं, गौरे. चल, ढकल."

मग पंचमीस बाईसाहेब नवे लुगडे नेसून झोक्यावर आरूढ जाहल्या आणि गौरम्मांनी पदर खोचला आणि तहाप्रमाणे ढकलिले, आणि ऐसे ढकलिले की बाईसाहेब फांदीच्या शेंड्यास भिडल्या आणि "हळू गं भवाने, मेले!" ऐसा जयघोष सबंध मैलुरात ऐकू गेला. गौरम्मांनी तहात तसूभर कसूर केली नाही.

ऐशी फत्ते जाहली. विजयी बाईसाहेबांस मोहल्ल्यातल्या दोघींनी धरून घरी आणिले. शुभं भवतु.