रेड्यानं उघडी टाकलेली नोंद

एका जंगलात, बाळांनो, कुठलं बीळ कुणाला द्यायचं हे कम्प्युटरवर ठरायचं.

तो कम्प्युटर भिकाजी अस्वलाच्या गुहेत होता. त्यात बिळांची एक फाईल होती. कुठलं बीळ कुणाचं, कुठलं रिकामं, सगळं तिच्यात. फाईल साधी, एकट्यानं वापरायची. भिकाजी एका बोटानं टाइप करायचा. सावकाश करायचा, पण चुकायचा नाही. आलेल्याचं नाव टाकलं, फाईल बंद केली, की मध चाटायला मोकळा.

आता एवढं सुरळीत चाललेलं राजाला कसं बघवेल?

वाघमहाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले होते. तिथून जेवून आले आणि येताना एक शब्द घेऊन आले. नेटवर्क.

"भिकाजी, तिकडे सगळे एकाच फाईलमध्ये काम करतात. एकाच वेळी!"

"महाराज, त्यांची फाईल त्यासाठीच बनवलेली असेल. आपली घरगुती आहे. एका पाटावर पाच जण जेवायला बसवल्यासारखं होईल."

"तू फार एकलकोंडा आहेस," महाराज म्हणाले. विषय संपला.

मग तज्ज्ञ आला. तज्ज्ञ म्हणजे वानर. या फांदीवरून त्या फांदीवर वायर टाकता येते, एवढंच त्याचं शिक्षण. पण ऐट बघावी! त्यानं भिकाजीच्या गुहेतून वायर काढली आणि तरसाच्या, रानडुकराच्या आणि रेड्याच्या घरात नेली. घरोघरी नवे कम्प्युटर बसले. महाराजांनी फीत कापली, दातांनी. पेढेही वाटले. पेढे बरे होते म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून चौघांनी एकच फाईल उघडली. एकानं लिहिलं की दुसऱ्याचं अडकायचं. दोघांनी मिळून लिहिलं की फाईलच मोडायची. ती दुरुस्त करायची तर आधी सगळ्यांनी तिच्यातून बाहेर पडायला हवं. मग भिकाजी खडकावर चढून ओरडायचा, "सगळे बाहेर पडा! सगळे बाहेर पडा!"

पहिल्यांदा ओरडला तेव्हा हरणांना वाटलं वणवा लागला. ती पिल्लांना घेऊन पार नदीपलीकडे पळाली.

"अहो, फाईलमधून! जंगलातून नव्हे!" भिकाजी घसा फोडून सांगत होता. ऐकतंय कोण.

आता या सगळ्यात एक होती सगुणा साळिंदर. तिचे दिवस भरत आले होते आणि जुन्या बिळाचं छत ढासळलं होतं. करवंदीच्या जाळीखाली एक छान कोरडं बीळ रिकामं होतं. पण नोंद झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा कायदा. टाकलंच तर रानडुक्कर कोतवाल येऊन बाहेर काढायचा.

सगुणा भिकाजीकडे गेली. भिकाजीनं नाव टाकायला बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"ही नोंद दुसऱ्याकडे उघडी आहे, असं दाखवतंय."

"कुणाकडे?"

"रेडेसाहेबांकडे."

"भिकाजीदादा, बीळ रिकामं आहे हो. मी आत्ता डोकावून आले."

"बीळ रिकामं आहे गं बाई. नोंद अडकलीय."

बिचारी पोट सावरत डबक्यावर गेली. रेडेसाहेब चिखलात नाकापर्यंत बुडाले होते.

"साहेब, ती करवंदीची नोंद बंद करता का?"

"मी काही केलं नाही. नुसती बघायला उघडली होती."

"मग बघून झाली ना?"

"झाली की."

"मग बंद करा!"

"आत्ता? आत्ताच तर अंग ओलं झालंय," रेडा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

भिकाजी वानराकडे धावला. वानरानं डोकं खाजवलं आणि उपाय काढला. प्रत्येकानं फाईलची आपापली प्रत घ्यावी, आपापल्या घरी लिहावं, मग सगळ्या प्रती एकत्र करू.

"एकत्र कशा करायच्या?" भिकाजीनं विचारलं.

"ते पुढचं पुढे."

सगळ्यांनी प्रती घेतल्या. रेड्यानं घेतली नाही, उठावं लागलं असतं. भिकाजीनं आपल्या प्रतीत ते बीळ सगुणाला दिलं. तरसानं त्याच्या प्रतीत ते मेहुण्याला दिलं. कोतवालानं ते स्वतःलाच दिलं, कंदमुळं साठवायला. आपापल्या प्रतीप्रमाणे तिघेही अगदी बरोबर होते.

सगुणा त्या बिळात बाळंत झाली. दोन पिल्लं झाली. त्यांचे डोळे पुरते सरावले नव्हते, तोच दारात तरसाचा मेहुणा आणि कोतवाल हजर.

"बाई, बाहेर या," कोतवाल म्हणाला. "हे बीळ माझ्या नावावर आहे."

"तुमच्या कसं? माझ्या नावावर आहे," मेहुणा म्हणाला.

"माझ्याही नावावर आहे," सगुणा आतून म्हणाली. "पण मी ओली बाळंतीण आहे. तुमच्यातलं कोण बाळंत झालंय?"

मेहुण्यानं सरळ आत डोकं घातलं. सगुणानं पिल्लांना मागे सारलं, दाराकडे पाठ केली आणि सगळे काटे उभे करून सळसळ वाजवले. मेहुणा बाहेर आला तो नाकात दोन काटे घेऊनच. कोतवालाला तेवढ्यात दुसरीकडचं महत्त्वाचं काम आठवलं.

बोभाटा झाला. महाराजांनी सगळे कम्प्युटर मागवले. एकाची नोंद दुसऱ्याशी जुळेना. फक्त रेड्याच्या पडद्यावर करवंदीची नोंद पहिल्या दिवशी होती तशीच्या तशी होती. 'रिकामं.'

"बघा!" महाराज गहिवरले. "एवढ्या गोंधळात यानं अक्षर हलू दिलं नाही!"

रेड्याला बिळांचा मुख्य अधिकारी केलं. मिळून मिसळून कसं वागावं, हे शिकायला भिकाजीला वानराकडे धाडलं.

आणि करवंदीचं बीळ कागदोपत्री अजून रिकामंच आहे. नवं कुणी घर मागायला आलं की रेडेसाहेब चिखलातूनच त्याला तिकडे पाठवतात. गेलेला थोड्या वेळानं नाक धरून परत येतो. सगुणाची पिल्लं आता मोठी झालीत. दारावर आळीपाळीनं तीच बसतात.

तात्पर्य: बाळांनो, सगळ्यांची म्हणून जी वस्तू असेल ती उघडावी आणि तशीच टाकून डुंबायला जावं. काम केलं की चूक निघते, आणि चूक न निघणाऱ्यालाच खुर्ची मिळते. बाकीच्यांनी आपापले काटे वाढवावेत.