एका फेरीत दोन सह्या

अभिमन पाटीलने पिंप्राळ्यातल्या प्लॉटचा इसार देऊन टाकला आणि मग घरी येऊन बायकोला विचारलं, "घ्यायचा का प्लॉट?"

कुंदाबाई भाकरी थापत होती. "इसार दिला?"

"दिला."

"मग मला काय विचारता? तव्याला विचारा."

तव्याला विचारायची गरज नव्हती, कारण निंबाभाऊंना विचारून झालं होतं. निंबाभाऊ अभिमनच्या पाटबंधारे कचेरीतले हेडक्लार्क. त्यांनी कधीकाळी एक प्लॉट घेतला होता, त्याचा भाव दुप्पट झाला, आणि त्या दिवसापासून त्यांना जमिनीतलं सगळं कळू लागलं. सातबारा ते नुसता हातात धरून पारखत. नव्या माणसासाठी त्यांचा धडा सोपा होता. आधी साठेखत करून टाकायचं. कर्ज पतपेढीचं काढायचं. कमी पडेल ते घरात पडून असलेल्या वस्तूतून उभं करायचं.

"माझ्या घरात काय पडून आहे?" अभिमनने विचारलं होतं.

"चोपड्याला बापाचं वावर आहे ना?"

"ते पडून नाही. बटाईने दिलंय. केळी आहेत त्यात."

"तू इथे, केळी तिथे. म्हणजे पडूनच."

साठेखतात एक कलम होतं. मे महिन्याअखेर खरेदीखत नोंदवलं नाही, तर इसार बुडाला. अभिमनने त्यावर बोट ठेवलं तेव्हा निंबाभाऊ हसले. "हे कलम सगळ्यांच्याच कागदात असतं. ते वाचायचं नसतं." अभिमनने वाचलं नाही. कुंदाच्या बांगड्या आणि पोरीच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं त्या इसारात गेलं होतं, त्यामुळे न वाचणंच त्यालाही बरं वाटलं.

पतपेढीच्या वकिलांनी मात्र सगळं वाचलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "ही भागाबाई कोण?"

"विकणारा झुलालभाऊ आहे ना, त्याची बहीण असेल."

"असेल काय, आहे. बाप वारल्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागलीत. तिची सही कुठाय?"

"तिला धुळ्याकडे दिली आहे, साहेब."

"दिली असेल. सातबाऱ्यावरून कुठे गेली? सही आणा. सही नाही तर कर्ज नाही."

त्याच आठवड्यात चोपड्याचं वावर घेऊ म्हणणाऱ्या माणसाचाही निरोप आला. तुमच्याही उताऱ्यावर तुमच्या बहिणीचं नाव आहे, त्यांची सही लागेल. या निरोपाने अभिमनची झोप उडाली नाही. द्रौपदाअक्काची सही म्हणजे घरचीच सही. आई गेली तेव्हा अक्काने चौथीतून शाळा सोडली आणि अभिमनला जेवू घातलं, शाळेत धाडलं. चौथीपर्यंत शिकल्यामुळे तिला सही येत होती. त्या सहीचा आजवर कुणाला काही उपयोग झाला नव्हता, एवढंच.

खरा प्रश्न भागाबाईचा होता. झुलाल पिंप्राळ्याच्या ओट्यावर बसून ठाम सांगत होता, "मी नही जास तिना दारमा."

"अरे, पण का?"

"तिनी ननंदना लगनमा बठ्ठासले टोपी-टावेल दिधा. माले टोपी नही, नुसता टावेल दिधा."

"ते लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"टोपी आजबी उनी नही ना?"

टोपी आली नाही म्हणून झुलालने बहिणीला आखाजीला बोलावणं बंद केलं होतं. आखाजीचा सण खानदेशात लेकीबाळींचा. झोके, गाणी, आमरस, सगळं माहेरी. पण लेक आपली आपण माहेरी जात नाही. भावाने यावं किंवा भावाच्या वतीने कुणी यावं, त्या मुराळ्याबरोबर तिने जावं. मुराळी आला नाही की ती दिवसभर दाराकडे बघते आणि विचारलं तर म्हणते, मला कुठे जायचंय, घरात काम काय कमी आहे.

अक्काचं सासर भागाबाईच्याच गावात होतं. अभिमनने अक्काला पत्र टाकून मध्यस्थी करायला लावली. भागाबाईचं उत्तर आलं, ते अक्काच्या वाकड्या अक्षरात. सही देईन, पण माहेरी येऊन देईन. मुराळी धाडा.

"मग तूच जा मुराळी म्हणून!" निंबाभाऊ टेबलावर थाप मारून म्हणाले. "तुझ्या बहिणीचंही गाव तेच. एका फेरीत दोन सह्या!"

अभिमनला ही कल्पना इतकी आवडली की त्याने दोन हक्कसोडपत्रं टाईप करून घेतली आणि दोन साड्या विकत आणल्या. भागाबाईसाठी जरीची, अक्कासाठी साधी. कुंदाने दोन्ही बोटांत धरून पाहिल्या.

"अक्कांना ही?"

"अक्का काय, घरच्याच आहेत."

"हो ना. घरच्यांना एवढंच पुरतं," कुंदा म्हणाली. मग तिने दोन्ही कागद चुरगळू नयेत म्हणून एकेका साडीच्या घडीत नीट सरकवून दिले. बाई व्यवस्थित होती.

अभिमन गावात पोचला तेव्हा अक्का ओट्यावर उभीच होती. मागच्या कित्येक आखाजींना अभिमनकडून नुसतं कार्ड गेलं होतं, "सवड काढून ये." मुराळी गेला नव्हता. अभिमनला पाहून अक्काचा चेहरा असा काही उजळला की दुसरा कुणी असता तर तिथेच वरमला असता.

"भाऊ, माले लेवाले उना?"

"हो हो, न्यायलाच आलोय. पण आधी भागाबाईंकडे जाऊन येऊ."

"चाल, मी बी येस."

भागाबाई रुंद हाडाची, सावकाश बोलणारी बाई. तिने जरीची साडी हातात घेतली, कागद बाजूला काढून ठेवला आणि विचारलं, "झुलालनी धाडी?"

"हो," अभिमन खोटं बोलला.

"खोटं. तो साडी धाडस नही, टावेल धाडी." मग तिने कागदाकडे बोट केलं. "आनि मी सही काब्र करू?"

इथे अभिमनला चेव चढला. समोर बाई, अंगात कचेरीचा शर्ट, आणि जाणारे पैसे झुलालचे. तो साहेबासमोर बोलावं तशा मराठीत बोलू लागला.

"भागाबाई, मी तुम्हाला कायदा सांगतो. बापाच्या जमिनीत भाऊ आणि बहीण सारखे. अर्धा हक्क तुमचा आहे. फुकट सही करूच नका. प्लॉटची जी किंमत होईल तिच्यातली अर्धी झुलालभाऊकडून मोजून घ्या आणि मगच सही करा. हा कागद फाडून टाका. मी मिळवून देतो तुम्हाला."

"अर्धी?"

"पूर्ण अर्धी! अहो, एक लुगडं तोंडावर फेकायचं आणि बहिणीचा हक्क लिहून घ्यायचा, ही काय रीत झाली? लाज वाटली पाहिजे असल्या भावांना!"

अक्का दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने एकदाही मान हलवली नाही. भागाबाईने कागद फाडला, साडी ठेवून घेतली आणि माहेरी जायची तयारी करायला आत गेली. अभिमनला वाटलं, एक सही झाली.

परत येताना अक्का म्हणाली, "अभिमन, बापनी बठ्ठी जमीनले असंच ऱ्हास का?"

"कसं?"

"अर्धं-अर्धं."

"ते पिंप्राळ्याचं आहे, अक्का."

"कायदा चोपडालोंग येस नही का?"

अभिमनने रुमालाने मान पुसली. "आपलं तसं नाही ना. आपण काय झुलाल आहोत?"

अक्का पुढे चालू लागली. घरी येऊन तिने त्याची पिशवी खुंटीला लावायला घेतली, आत साडी दिसली म्हणून बाहेर काढली आणि हौसेने तिची घडी मोडली. घडीतून कागद खाली पडला.

तिने तो उचलला आणि अक्षर लावत वाचला. चौथीपर्यंतचं वाचन, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता. "मी... सौ. द्रौपदाबाई... स्वखुशीने... कोणताही मोबदला न घेता..." ती थांबली. "मोबदला म्हंजे काय रे?"

"म्हणजे... तो एक शब्द असतो. सगळ्यांच्याच कागदात असतो."

"भागाबाईले तू जे मोजी घेवाले सांगं, तेच ना?"

अभिमनला सरकारी मराठी आठवेना. "अक्का, मना इसार बुडी जाई. पोरनं लगन शे पुढे. तू मनी बहीन ना?"

"बहीन शे म्हनीसन तर कागद साडीमा घालीसन आना," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर अभिमनला पाय धरता आले असते. "इचारतास ना भाऊ, तर मी दी टाकतू. तू इचारंच नही."

दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली होती. ती तिने उचलून आत नेली.

"माले येनं नही. तू भागाबाईले ली जाय. तू तिनाच मुराळी शे."

अभिमन आपल्या बहिणीला तिथेच ठेवून दुसऱ्याच्या बहिणीला माहेरी घेऊन निघाला. बसमध्ये भागाबाई खिडकीशी बसली. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत जो कुणी शेजारी येईल त्याला तिने आनंदाने सांगितलं, "हाऊ मना मुराळी." लोक अभिमनकडे कौतुकाने बघत होते, आणि तो चढलेल्या प्रत्येक माणसासाठी नव्याने हसत होता.

पिंप्राळ्यात झुलालच्या दाराला कुलूप होतं. बहीण येतेय हे कळल्यावर तो रावेरला सासुरवाडीला निघून गेला होता. मुराळ्याने आणलेल्या लेकीला बसस्टँडवर तर सोडता येत नाही. भागाबाई अभिमनकडे राहिली. कुंदाने तिच्यासाठी आमरस केला, खापरावर पुरणपोळ्या केल्या, पिंपळाला बांधलेल्या झोक्यावर तिला बसवलं. भागाबाई झोक्यावरून गात होती आणि कुंदा नवऱ्याला म्हणत होती, "गळा चांगला आहे हो यांचा. आपल्या अक्कांचाही असाच होता, नाही?"

झुलाल परतला तो पैशाच्या वासाने. अर्धा वाटा द्यायचा हे ऐकून तो खूप ओरडला, टोपीचा विषय पुन्हा निघाला. शेवटी अभिमनने स्वतः एक टोपी विकत आणून भागाबाईच्या हातून त्याला घातली, तेव्हा कुठे तो तयार झाला. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमले. भागाबाईची सही तयार होती. पतपेढीचं कर्ज तयार होतं. फक्त चोपड्याच्या वावराचे पैसे नव्हते, कारण तिथल्या कागदावर द्रौपदाबाईची सही नव्हती.

अभिमनने मुदत मागितली. झुलालने टोपी सारखी केली आणि साठेखतातल्या त्या न वाचायच्या कलमावर बोट ठेवलं.

"मे सरना. इसार गया."

"झुलालभाऊ, पोरीच्या लग्नाचे पैसे आहेत ते."

"मी काय करू? कागदवर लिखेल शे."

अभिमनने आशेने भागाबाईकडे पाहिलं. इतके दिवस तिने त्याच्या घरचा आमरस खाल्ला होता. भागाबाई झुलालकडे वळून म्हणाली, "इसारमा बी अर्धं मनं शे." तिने तिथेच, कचेरीच्या व्हरांड्यात, भावाकडून तिचा भाग मोजून घेतला. मग पदराच्या टोकाला गाठ मारताना ती अभिमनला म्हणाली, "रागे भरू नका भाऊ. तुम्हीच सांगं ना, फुकट काहीच सोडानं नही." तिच्या आवाजात खरोखरच आदर होता.

तो प्लॉट पावसाळ्यात निंबाभाऊंनी घेतला. विकणाऱ्याच्या बहिणीची संमती, वकिलाचा अहवाल, सगळं आयतं तयार होतं. पेढे वाटताना ते अभिमनला म्हणाले, "कागद चोख होते रे. फार मेहनत घेतली होतीस तू." अभिमनने पेढा खाल्ला. कचेरीत न खाऊन कसं चालेल?

चोपड्याचं वावर तसंच राहिलं. केळीचे पैसे आले की अभिमन त्यातले अर्धे अक्काला मनीऑर्डरने पाठवू लागला. तिकडून पावती येई. पावतीवर सही असे, खाली एकही अक्षर नसे. वर्षभर तो त्या सह्या बघत राहिला. कुणी मेल्यासारखं त्याला वाटे, आणि कुणाला सांगावं तर कुणी मेलेलं नव्हतं.

पुढच्या आखाजीला तो मुराळी म्हणून गेला. साडी कुंदाने निवडली होती, जरीची, भागाबाईच्या साडीपेक्षा भारी. अक्का ओट्यावर नव्हती. हाक मारल्यावर बाहेर आली, पाणी दिलं, साडी हातात घेतली.

"माले लेवाले उना?"

"हो अक्का."

अक्काने साडीची घडी मोडली. मग दुसरी मोडली. मग अख्खी साडी हातभर अंतरावर धरून दोनदा झटकली. खाली काही पडलं नाही. तिने जमिनीकडे पाहिलं, साडीच्या आतल्या पदराकडे पाहिलं आणि साध्या आवाजात, खरंच काळजीने विचारलं,

"कागद इसरना का रे भाऊ?"

अभिमनने उभ्या उभ्या शर्टाचे आणि पँटचे खिसे बाहेर ओढून उलटे करून दाखवले. त्यातून बसचं तिकीट पडलं. अक्काने ते उचललं, दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं, आणि मग आत पिशवी आणायला गेली.