दशरथभाऊंचं शेवटचं कडवं

दशरथभाऊंना घेऊन ऑटोत बसणार असाल, तर आधीच सांगून ठेवते. ऑटोत गाणं लागलेलं असलं, तर उतरायची जागा आली तरी ते उतरत नाहीत. ऑटोवाला म्हणतो, "काका, महाल आला." भाऊ आतूनच, "महाल आला असंन. कवीचं नाव कुठं आलं? ते येऊ दे, मंग उतरतो." मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि भाऊ डोळे मिटून शेवटच्या कडव्याची वाट पाहत बसलेले.

आमच्याकडच्या, जयंतीला गाणाऱ्या जुन्या गायन पार्ट्यांच्या गाण्यांत कवीचं नाव शेवटच्या कडव्यात असतं. ते कापणं म्हणजे भाऊंच्या मते सरळ पाकीटमारी. लग्नात डीजेवाल्यानं गाणं मधेच बदललं की भाऊ पंगतीतून उठून स्टेजकडे. "पुरं वाजव गा!" नाही वाजवलं तर उरलेलं स्वतः म्हणणार, हाताला वरणभात तसाच. एका नवरीच्या मामानं तर त्यांना मानाची शेला-टोपी घालून कसंबसं खाली बसवलं.

हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा माणूस माझ्या शेजारी एकटाच राहतो. बायको सुगंधा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिला लिहिता येत नव्हतं, पण माहेरी धानाची रोवणी करता करता ती गाणी जुळवायची, आणि भाऊ ती बुद्धविहारात गायचे. 'पाटी घे वं पोरी' हे तिचंच. त्याची कॅसेट निघाली, पण फीत आखूड पडली आणि नेमकं सुगंधाचं नाव असलेलं कडवंच राहून गेलं. तेव्हापासून भाऊंना अर्धं गाणं सोसत नाही.

तर झालं असं, मुंबईच्या एका कंपनीनं ते कॅसेटवरचं गाणं उचललं आणि त्यात धडामधुडूम घालून बाजारात आणलं. इकडे वस्तीतल्या पोरींनी विहारात तेच गाणं गाऊन व्हिडिओ मोबाइलवर टाकला, तर तो बंद! म्हणे कॉपीराइट कंपनीचा.

"म्हंजे चोरानंच माह्या घराले कुलूप लावलं, आन् वरून मले इचारून राहिला, तू कोन?" भाऊ दिवसभर अंगणात गरजत होते.

गल्लीतल्या प्रणाली वकिलिणीनं नोटीस धाडली. कंपनी म्हणाली, पैसे देतो, कवी म्हणून दशरथ यांचं नाव टाकतो. मी म्हटलं, "घ्या ना भाऊ, मिटवून टाका." तर माझ्यावरच उखडले.

"काहून घेऊ, वहिनी? गानं तिचं, आन् नाव माहं?"

पण सुगंधाचं नाव एकाही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. कंपनीनं भाऊंच्या शब्दापलीकडचा पुरावा मागितला. प्रणाली म्हणाली, "आजोबा, हे गाणं अजून कोणाले येते?"

म्हणून आम्ही रामटेकजवळ सुगंधाच्या माहेरी गेलो. तिच्यासोबत रोवणी केलेल्या म्हाताऱ्या बायका शेताच्या बांधावर जमल्या. प्रणालीनं मोबाइल धरला. त्या गायल्या, एकदाही न अडखळता, थेट शेवटपर्यंत:

"सुगंधा म्हणे, माही बोटं चिखलात,
तुही उमटू दे वं पोरी, कागदात."

त्या रेकॉर्डिंगवरच पुढे कंपनी नरमली. आता गाणं पुरं लागतं, कवयित्री म्हणून सुगंधाचं नाव दिसतं, पोरींचा व्हिडिओही परत आला.

पण बांधावरचं राहिलंच सांगायचं. गाणं झालं तसे भाऊ डोळे पुसत उठायला लागले. त्या बायकांतली यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसली. "बसा ना जवाईबापू. संपलं नाई अजून. पुढचं आमी बायाबायाच म्हनो, मानसाईसमोर नाई."

आणि म्हणाली:

"दशरथ माहा भाकर थापते, वाकडी-तिकडी बाई,
पन दमून घरी गेल्यावर त्या भाकरीवानी गोड नाई."

सुगंधानं जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सगळा संसार तिनं 'अहो, ऐकलं का'वर केला.

भाऊ परत बांधावर टेकले. मग म्हणाले, "हासे वं ते, रोज हासे माह्या भाकरीले. मले वाटे, आवडत नसंन."

प्रणालीनं हळूच विचारलं, "आजोबा, हेही पाठवू का कंपनीले?"

"नाई वं पोरी. हे कोनालेच नाई द्यायचं." आणि ते यमुनाबाईजवळ सरकून बसले. "बाई, आनखी एकडाव म्हना. हळू म्हना."