रामटेके भाऊंचा टाइट एंड

रामटेके भाऊंच्या मागच्या अंगणातलं झुडपांचं कुंपण तिरकं आहे. डावीकडच्या डच आजीबाई एकदा म्हणाल्या, "फार वाढलंय हे, माझ्या टोमॅटोंना ऊन लागत नाही." भाऊ म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी उजवीकडचे गृहस्थ म्हणाले, "कापू नका हो, आम्हाला आडोसा होतो." भाऊ म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे." तेव्हापासून ते कुंपण डाव्या टोकाला गुडघ्याएवढं आहे, उजव्या टोकाला डोक्याच्या वर, आणि मध्ये घसरगुंडी. दोन्ही शेजारी खूश आहेत. भाऊ दर महिन्याला कात्री घेऊन तो उतार नीट राखतात.

आम्ही राहतो बेस्टला. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला लागून असलेलं गाव, निम्मं गाव इंजिनिअरांचं. भाऊ मूळचे नागपूरचे, इथे येऊन वीस वर्षं झाली. एका मोठ्या यंत्राच्या काचेवर धुळीचा कण बसला आहे का, ते शोधायचं त्यांचं काम. दिवसभर कण शोधायचे आणि घरी यायचं. कुणाचं चुकलं असं म्हणताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये कार्यक्रम चारला ठेवायचा की सहाला, यावरून दोन तट पडले, तेव्हा दोन्ही तटांनी भाऊंचं मत आपल्या बाजूला धरलं होतं आणि दोघांचंही खरं होतं.

यात एकच अडचण होती. भाऊंशी बोलणं दोन मिनिटांत संपायचं. आपण म्हणावं, "आज गारठा आहे." ते म्हणणार, "बरोबर आहे." आता याच्यापुढे माणूस काय बोलणार? पूर्वी रेखावहिनी होत्या, तेव्हा हे जाणवायचं नाही. बोलायचं काम त्या करत. त्या जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सुजाता त्याआधीच अमेरिकेत पीएचडीला गेलेली, आणि मागोमाग तो करोना आला. विमानं बंद, तिकडचा व्हिसा बंद. भाऊ त्या तीन बेडरूमच्या घरात एकटेच उरले.

म्हणून मी त्यांना दुपारी फिरायला न्यायला लागलो. मीही घरूनच काम करत होतो. जेवण झालं की आम्ही दीड मीटर अंतर ठेवून कालव्याच्या काठाने चालायचो. ते दिवस आता आठवले की सगळे धुक्यातच दिसतात. पाण्यावर धुकं, पॉप्लरची झाडं कमरेपासून वर नाहीशी झालेली, मधूनच एखादी मालवाहू बोट आवाज न करता यायची आणि तशीच विरघळून जायची. माणसं नाहीत, गाड्या नाहीत. आपण जागे आहोत की कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत, असं वाटायचं.

अशाच एका दुपारी भाऊ एकदम थांबले.

"देशमानेजी, मला एक सांगा बरं. टाइट एंड कोण पाहिजे?"

"कशाचा एंड?" मी विचारलं. मला वाटलं, ऑफिसचं काही प्रोजेक्ट संपत आलंय.

"अमेरिकन फुटबॉलमधला जी. सुजाताच्या गावची टीम आहे. लाल जर्सीवाले."

मग भाऊंनी मला तो खेळ समजावला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. हा टाइट एंड म्हणजे ओळीच्या टोकाला उभा राहणारा गडी. निम्मा वेळ त्यानं समोरच्या रेड्यासारख्या माणसाला अडवायचं, निम्मा वेळ पळत जाऊन चेंडू झेलायचा. आता या टीमकडे असे दोन होते. भाऊ त्यांना थोरला आणि धाकला म्हणायचे. थोरला चौतिशीचा, अडवण्यात भिंत, पण हातातून चेंडू सुटायचा. धाकला बावीस वर्षांचा, एका हातानं चेंडू झेलायचा, पण अडवायची वेळ आली की बाजूला सरकायचा. सुरुवातीला मैदानात कुणाला उतरवायचं?

"म्हणजे आपलं कीपरसारखंच," मी म्हणालो. "कीपिंग चांगलं पाहिजे की बॅटिंग?"

"बरोबर..." भाऊ म्हणाले आणि जीभ चावल्यासारखे थांबले. "नाही. तसं नाही. थोरलाच पाहिजे."

रामटेके भाऊ 'नाही' म्हणाले! मी दीड मीटरचा नियम विसरून त्यांच्याकडे बघायला पुढे सरकलो.

त्यानंतर तो सगळा हिवाळा थोरला आणि धाकला आमच्याबरोबर फिरायला यायचे. भाऊंना वाद हवा असायचा. मी मुकाट चाललो की म्हणायचे, "तुम्ही काही विरोधच नाही करून राहिले! धाकल्याच्या बाजूनं बोला ना." मी बोललो की ते थोरल्याच्या बाजूनं तुटून पडायचे. एकदा थोरला कसा अडवतो हे दाखवायला त्यांनी छत्री खाली ठेवली, गुडघ्यात वाकले आणि एका पॉप्लरला खांदा लावला. तेवढ्यात धुक्यातून एक सायकलवाली बाई आली. ती उतरली आणि काळजीनं विचारती झाली, "तुम्हाला चक्कर येतेय का?" भाऊ झाडाला तसंच धरून तिला म्हणाले, "तुमचं काय मत आहे, पळणारा बरा की टिकणारा?" ती क्षणभर विचार करून म्हणाली, "नवऱ्याबद्दल विचारताय का?"

मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी मतदान घेतलं. एकवीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. डावीकडच्या आजीबाईंना त्यांनी बागेत मिरपुडीची आणि मिठाची डबी मांडून खेळ समजावला. आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मिठाच्या बाजूनं मत दिलं. मीठ म्हणजे धाकला, हे कळल्यावर भाऊंचा चेहरा पडला.

रविवारी संध्याकाळी सातला सामना लागायचा. त्यांच्या खिडकीतला टीव्हीचा निळा उजेड समोरच आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचा. माझी बायको मेघना म्हणायची, "एकटा माणूस, काहीतरी नाद लागला, बरं झालं." मलाही तसंच वाटायचं. मी मनात एक सिद्धांतही बांधला होता. थोरला म्हणजे भाऊच की! निमूटपणे भार सोसणारा, कुणाच्या लक्षात न येणारा. स्वतःसाठीच भांडतायत बिचारे.

जानेवारीत मात्र ते जरा हताश दिसायला लागले. "माझ्याजवळचे मुद्दे संपत आले," एक दिवस म्हणाले. "थोरल्याच्या बाजूनं एखादा नवीन मुद्दा सुचते का तुम्हाला?"

"भाऊ, तुमचाच माणूस आहे. मुद्दे मी कसे देऊ?"

 पाण्यात दोन हंस होते, भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले.

आणि मग पुढच्याच सामन्यात थोरल्याचा गुडघा गेला. दोन दिवसांनी त्यानं खेळ सोडल्याचं जाहीर केलं. कोचनं धाकल्याचं नाव घोषित केलं. वाद मिटला.

मी मेघनानं केलेला शिरा डब्यात घेऊन भाऊंकडे गेलो, सांत्वनाला जावं तसा. ते मागच्या अंगणात, त्या तिरक्या कुंपणाजवळ खुर्ची टाकून थंडीत बसले होते. मी डबा पायरीवर ठेवून दूर उभा राहिलो.

"वाईट झालं भाऊ. चांगला खेळाडू होता."

"कसला चांगला?" भाऊ म्हणाले. "चारातले तीन चेंडू सोडत होता. मला पहिल्या दिवसापासून धाकलाच पाहिजे होता."

मला काही सुधरेना. "मग हे सगळं..."

"सुजाताला धाकला आवडते." त्यांनी हातमोजे काढले, परत घातले. "रेखा होती तोवर त्या दोघी तासतास बोलायच्या. शेवटी रेखा म्हणायची, घे, बाबांशी बोल. मी विचारायचो, जेवली का? ती म्हणायची, येस. मी म्हणायचो, छान, ठेवतो. रेखा गेल्यावरही तेवढंच राहिलं. तिकडे एका खोलीत एकटी आहे ती, लॅब बंद, आठ-आठ दिवस कोणाचं तोंड पाहत नाही. आणि मी फोनवर तिला काय विचारू? जेवली का? मग एकदा तिनं सांगितलं, आमच्या टीमनं धाकल्याला घ्यायला पाहिजे. माझ्या तोंडून चुकून निघालं, काहून? थोरला काय वाईट आहे? देशमानेजी, त्या दिवशी ती माझ्याशी पन्नास मिनिटं भांडली."

ते हसले. मग डोळे पुसले.

"बरोबर म्हटलं की फोन संपते. एवढं मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. आता शनिवारी तिचा फोन येईन, ती म्हणेन, पाहा, मी जिंकली. पुढे काय बोलू मी तिच्याशी?"

 आम्ही दोघं शिऱ्याच्या डब्याकडे बघत राहिलो. मग मी म्हणालो, "खरं सांगून टाका."

"हे सांगू? बापानं चार महिने खोटं भांडण केलं?"

"हेच."

शनिवारी मी मुद्दाम तिकडे फिरकलो नाही. रविवारी भाऊ आपणहून दारात आले, दुरूनच. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले.

"सांगितलं. सगळं सांगितलं. ती गप्पच झाली. मला वाटलं, लाइन कटली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हटलं, बरं बेटा, ठेवतो आता." भाऊ थांबले. सुजाता लहानपणी इथे आली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कायम इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. "तर ती मराठीत बोलली जी. म्हणाली, बाबा, ठेवू नका. मी म्हटलं, माझ्याजवळ बोलायला काही नाही. म्हणाली, माझ्याकडे पण नाही. नुसतं राहा."

"मग?"

"मग राहिलो. तिनं भांडी घासली. मी ऐकत होतो."

फेब्रुवारीत बर्फ पडला आणि कालवा काठाकाठानं गोठला. एका दुपारी भाऊ मला पुढे चालताना दिसले. मी भराभर चालत त्यांना गाठलं आणि काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून फोन अर्धा बाहेर डोकावत होता. आतून किटलीचा आवाज येत होता. तिकडे सकाळचे सात-आठ वाजले असणार. मग कपात चमचा फिरला, खुर्ची सरकली, कुणीतरी हलकेच खोकलं. भाऊ काही म्हणाले नाहीत, तीही काही म्हणाली नाही.

मी दोन पावलं मागे राहिलो. पुढे पांढऱ्या वाटेवर भाऊ चालले होते, वाटेच्या एका कडेनं, आणि बरोबरच्या माणसाला दम लागू नये म्हणून आपण चाल कमी करतो तशी त्यांनी चाल थोडी कमी केली होती.