सर्व्हो निवडला आणि गॅरेज गेलं

गॅरेज ही गाडी ठेवायची जागा आहे, असं काही लोकांचं म्हणणं असतं. माझी बायको लोर्ना त्यांतलीच.

आम्ही राहतो डोंगरांतल्या गनिसन गावात. इथे नोव्हेंबर लागला की रात्रभर बाहेर राहिलेल्या गाडीच्या काचेवर बर्फाचा असा थर बसतो, की तो खरवडताना माणसाला आपल्या सगळ्या चुका आठवतात. लोर्ना शाळेची बस चालवते. गाव अंथरुणात असताना तिला डेपोवर जावं लागतं, आणि त्याआधी अंधारात उभं राहून स्वतःच्या गाडीची काच खरवडावी लागायची. कारण गॅरेजमध्ये माझे ट्रक असायचे. (ट्रक म्हणजे रेडिओवर चालणारे, हातभर लांबीचे. पण पसारा खऱ्या ट्रकांएवढाच. टेबल, सुटी चाकं, रंगाचे डबे, आणि सरावासाठी नदीवरून आणलेले दगड. दगड मात्र पुऱ्या मापाचे आहेत.)

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी जेवताना मी सहज म्हणालो, “ट्रकला नवा सर्व्हो घ्यावा म्हणतोय.”

सर्व्हो म्हणजे पुढची चाकं डावी-उजवीकडे वळवणारी, काडेपेटीएवढी मोटर. माझ्या जुन्या हिरव्या ट्रकचा सर्व्हो दगडांच्या बेचक्यात चाक अडकलं की नुसता कण्हायचा. म्हणून मी नवा लाल ट्रक बांधायला घेतला होता आणि त्याला साजेसा सर्व्हो शोधत होतो.

लोर्नाने काटा ताटलीत ठेवला. ती मध्येच काटा खाली ठेवते तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे मला दरवेळी नंतर कळतं.

“नव्या सर्व्होने काय होणार?”

“आमच्या ट्रकवाल्या क्लबच्या यंदाच्या शेवटच्या सहलीत कोणाचीही मदत न घेता टेकाडाच्या माथ्यापर्यंत जाईन.”

“आणि नाही गेलास तर?”

“जाणारच.”

“नाही गेलास तर गॅरेज माझं. अख्खा हिवाळा.”

“कबूल,” मी म्हणालो. (तोंडात गरम बटाटा होता. नाहीतर जरा विचार केला असता.)

आता ‘मदत’ म्हणजे काय ते सांगतो. आमच्या क्लबात एकच नियम आहे, पण तो बायबलाच्या खालोखाल पाळला जातो: चालत्या वाटेवर ट्रकला हात लावायचा नाही. आपण हातात रिमोट घेऊन मागून चालायचं. ट्रक अडकला, उलटला, तरी उचलायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रकने यायचं, दोरी लावायची आणि ओढून काढायचं, अगदी खऱ्यासारखं. दोरीचा आकडा अडकवण्यापुरता हात चालतो. आमच्या मर्लने एकदा उलटलेला ट्रक हळूच बूट लावून सरळ केला होता, तर मंडळी ईस्टरपर्यंत त्याच्याशी धड बोलत नव्हती.

त्याच मर्लला मी पहिल्यांदा गाठलं. तो निवृत्त प्लंबर आहे आणि कशालाही जोर लावण्यावर त्याचा विश्वास आहे.

“किती ताकदीचा सर्व्हो घेऊ?”

“मिळेल तेवढ्या. ताकद कधी कोणाला जास्त झालीय का?”

क्लबातलाच डेलबर्ट म्हणाला, “मध्यम घे. एकट्या सर्व्होत ताकद असून काय उपयोग? बाकीच्या ट्रकला ती झेपायला हवी.” पण डेलबर्टचा ट्रक बहुतेक वेळ चाकं वर करून पडलेला असतो, त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

असल्या ट्रकांचं सामान विकणाऱ्या दुकानात ओर्तेगाने मला हवा होता तो सर्व्हो काढला. त्याच्या दुकानातला सगळ्यात दांडगा. मग त्याच्या शेजारी एक छोटी काळी डबी ठेवली.

“हे कशाला?”

“हा सर्व्हो जोर लावायला लागला की सगळी वीज एकटा खातो. मग ट्रकच्या मेंदूला काही उरत नाही, ट्रक जागीच बंद पडतो. या डबीतून सर्व्होला वेगळी वीज दे.”

“ओर्तेगा, मी काय काल खेळायला लागलोय का?”

“नाही ना, म्हणूनच काळजी वाटते.”

मला वाटलं, हा गिऱ्हाईक पाहून जास्तीचा माल गळ्यात मारतोय. मी डबी त्याच्याकडे परत सरकवली आणि ताठ मानेने बाहेर पडलो.

सर्व्हो बसवल्यावर लोर्नाला गॅरेजमध्ये बोलावलं. गुळगुळीत फरशीवर चाकं सपासप वळत होती. मग मी चाकाला माझा बूट अडवून धरला. चाकाने बूट ढकलला, आणि ट्रकचे दिवे क्षणभर गेले आणि परत आले.

“दिवे का गेले?” लोर्नाने विचारलं.

“डोळा मारला त्याने तुला.”

तिने वाकून ते दिवे पुन्हा एकदा निरखले. शाळेच्या बसमध्ये चाळीस पोरं मागे बसवून घाट उतरणाऱ्या बाईला दिव्यांवर लक्ष ठेवण्याची सवय असते.

सहलीच्या दिवशी ती साक्षीदार म्हणून आली. नुसतं उभं राहून कंटाळेल म्हणून मी मोठ्या मनाने तिला जुना हिरवा ट्रक दिला. “हळू चालव,” मी तिला शिकवलं, “आणि अडकलीस तर घाबरू नकोस, मी आहे.” (हे वाक्य मी मर्लला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. नको होतं म्हणायला.)

गावाबाहेरच्या खडकांतून वाट वर जाते. अर्ध्या वाटेपर्यंत माझा लाल ट्रक राजासारखा गेला. मग दोन दगडांची खाच आली. पुढचं चाक तिच्यात रुतलं. मी पूर्ण डावीकडे वळवलं. सर्व्होने जोर लावला, दिवे गेले आणि ट्रक मेला. थोड्या वेळाने जिवंत झाला. मी पुन्हा वळवलं, तो पुन्हा मेला. असं इतक्यांदा झालं की पुढे गेलेले लोक खाली बघायला परत आले. मर्ल म्हणाला, “ताकद आहे बाबा त्याच्यात.” कोणीतरी खुर्ची उघडून बसलं.

डोळ्यांसमोर गॅरेज दिसत होतं, त्यातलं टेबल, ते दगड, सगळं माझं जग. मागून चाकांची किरकिर ऐकू आली. हिरवा ट्रक येत होता. लोर्ना त्याला उभ्या जागी वळवतच नव्हती. जरा मागे घ्यायची, चाकं फिरत असतानाच वळवायची आणि पुढे यायची. तो मरतुकडा सर्व्हो कण्हत होता, पण वळत होता.

ती माझ्याशेजारी येऊन थांबली. “उचलून देऊ का?”

“हात लावायचा नाही,” मीच ओरडलो.

“मग दोरी?”

मी मर्लकडे पाहिलं. त्याचा ट्रक पार वर, टेकाडाच्या माथ्यावर. डेलबर्टचा चाकं वर करून पडलेला. मी गुडघ्यावर बसलो आणि स्वतःच्या हाताने आकडा अडकवला. हिरव्या ट्रकने लाल ट्रकला खाचेतून काढलं, आणि तसंच दोरीने ओढत वरपर्यंत नेलं, कारण मधल्या प्रत्येक वळणावर माझा मरत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिथे दुसरं काय करणार?

त्याच संध्याकाळी मी गॅरेज रिकामं केलं. दगड परसात टाकले, ट्रक जिन्याखाली गेले. लोर्नाची गाडी आत आली. वाईट वाटलं, पण आता निदान तिला अंधारात कुडकुडावं लागणार नाही, या विचाराने मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

आठवडाभरातच एका संध्याकाळी घरी आलो तर तिची गाडी बाहेर. आत दिवा लागलेला. परसातले दगड परत आले होते, टेबल मांडलं होतं आणि टेबलावर हिरवा ट्रक चारी चाकं काढून बसला होता.

“हे काय? गाडीसाठी हवं होतं ना गॅरेज?”

“गॅरेज माझं, एवढंच ठरलं होतं,” लोर्ना स्क्रू पिळत म्हणाली. “त्यात काय ठेवायचं ते मी बघेन.”

“आणि सकाळी काच कोण खरवडणार?”

“ट्रकचा नाद मला कोणी लावला?”

मी खरवडणी हातात घेतली. तेव्हापासून दारात दोन गाड्या उभ्या असतात, आणि मी आधी तिची खरवडतो, मग माझी. काल सकाळी ती कॉफीचा मग घेऊन बाहेर आली. ट्रकला नवा सर्व्हो घेतेय म्हणाली. तिने मर्लला विचारलं होतं, डेलबर्टला विचारलं होतं, ओर्तेगाशी तर तासभर बोलली होती.

माझा हात थांबला. “मला एका शब्दाने विचारलं नाहीस, लोर्ना.”

तिने कॉफीचा घोट घेतला आणि काचेकडे नीट पाहिलं.

“विचारते ना,” ती म्हणाली. “हा डावा कोपरा कधी करणार आहेस?”